दोन्ही पाय बराबर

त्या माणसाबद्दल चांगलं बोल, असं मला कुणी सांगू नये. हिंगोलीत त्यांचा विषय निघाला की लोकांचे चेहरे मऊ होतात. विक्षिप्त माणूस, पण हाताला गुण, असं म्हणतात. असेल गुण. मी त्यांच्या हाताबद्दल बोलतच नाही. माझा डावा गुडघा त्यांच्या हातानं गेला नाही, त्यांच्या डोक्यानं गेला. आज इतक्या वर्षांनी थंडीत जिना उतरताना तो कटकन वाजतो, तेव्हा माझ्या तोंडून पहिली शिवी त्यांनाच निघते.

ते डॉक्टर म्हणजे ऑपरेशन करणारे नव्हेत. ऑपरेशन झाल्यावर, प्लास्टर निघाल्यावर, पाय पुन्हा कामाला लावणारे. फिजिओथेरपिस्ट हा शब्द धान्याच्या मोंढ्यातल्या कुणाच्या जिभेवर बसला नाही, म्हणून लोक त्यांना लंगडीवाले डॉक्टर म्हणायचे. तुम्ही कंबर घेऊन जा, घोटा घेऊन जा, नाहीतर भाच्याच्या वरातीत नाचून धरलेली पोटरी घेऊन जा, एका पायावर उडी मारायला लावल्याशिवाय ते कुणाला सोडत नसत.

दवाखाना होता मोंढ्यामागे, हळदीच्या आडत दुकानाच्या माडीवर. गुडघ्यांचा दवाखाना आणि वर जायला जिना! कुणी तक्रार केली की म्हणायचे, "जिना हीच पयली तपासणी. तुमी वर येईस्तोवर मला अर्धं कळतं." आणि खरोखरच वरच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. म्हातारी माणसं कण्हत-कुथत चढताहेत, आणि हे वरून बघताहेत. हात द्यायचे नाहीत.

आत काळीशार शहाबादी फरशी आणि तिच्यावर रंगानं ओढलेली एक पांढरी रेघ. रेघेशेजारी परात, आणि परातीत खालच्या आडतीतून झाडून आणलेली हळदीची भुकटी. तळवा हळदीत बुडवायचा, रेघेवर एका पायावर उभं राहायचं, हात कमरेवर ठेवायचे आणि पुढे एकच उडी मारून त्याच पायावर उतरायचं. जिथे उतराल तिथे पिवळा ठसा. मग हे गुडघे टेकून शिंप्याच्या टेपेनं रेघेपासून टाचेपर्यंतचं अंतर मोजायचे. ठसा फराटलेला दिसला, म्हणजे उतरताना पाय घसरला, की ती उडी रद्द. "उडी मारणं कुनालाबी जमतं," ते म्हणायचे, "उतरणं बघा." त्यानंतर तीन उड्या सलग, त्यानंतर रेघेच्या अलीकडे-पलीकडे नागमोडी. एवढं झालं की दुसऱ्या पायावर सगळं पहिल्यापासून. आम्ही पिवळे पाय घेऊन एसटीत बसायचो. सेनगावच्या गाडीचे कंडक्टर पायांकडे बघून विचारायचे, "लंगडीवाल्याकडून आल्या व्हय?"

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, पाय राहत. मला ते शेवटपर्यंत 'डावी' म्हणत. "डावी आली का? बस तिकडं." एकदा एक मोठे पुढारी आले, मागे माणसांचा लोंढा, गुडघा दुखतोय म्हणून. डॉक्टरांनी परातीकडे बोट दाखवलं. पुढारी म्हणाले, एका पायावर जमणार नाही, फार तर दोन्ही पायांवर मारून दाखवतो. डॉक्टर म्हणाले, "दोन पायांवर तुमी बरंच काही लपवता साहेब. एकावर या." खोलीतलं कुणी हसलं नाही, पण पुढारी आले तसे उतरून गेले, आणि नंतर महिनाभर खालचा आडत्या, म्हणजे जागेचा मालक, डॉक्टरांना खोली सोडा म्हणून सांगत होता. त्यांनी सोडली नाही.

त्यांच्या बायकोनं एकदा मला सांगितलेलं आठवतं. काकू भल्या होत्या, डबा घेऊन यायच्या आणि आम्हा रांगेतल्या बायकांशी बोलत बसायच्या. म्हणाल्या, "मला पाहाले आले तवा बाकीचे म्हणले, मुलीला चार पावलं चालून दाखवू द्या. हे म्हणले, चालून काय कळतं, लंगडी घालून दाखवा." आम्ही विचारलं, मग? "मंग काय, घातली. नऊवारी नेसून. माझे वडील तोंड फिरवून बसले." काकू हे हसत सांगत होत्या. मला तेव्हाही हसू आलं नाही. त्या काळात मला त्यांच्या कुठल्याच गोष्टीचं हसू येत नव्हतं.

मी साखऱ्याची. आमच्या घरी शेळ्या-मेंढ्या, थोडी कोरडवाहू जमीन, आणि माझ्या वडिलांना, अण्णांना, भलतंच वेड कबड्डीचं. मी चढाई करायची. जिल्ह्याच्या संघात होते आणि राज्याच्या संघासाठी माझं नाव निघणार, असं आमचे प्रशिक्षक सगळ्यांदेखत म्हणायचे. त्याच वर्षी एका पकडीत दोघी अंगावर पडल्या, डावा गुडघा आतल्या बाजूला मुडपला आणि हाडं बांधून ठेवणारा आतला पट्टा तुटला. नांदेडला ऑपरेशन झालं. पुढच्या हंगामात राज्याची निवड होती आणि मला त्या निवडीला जायचं होतं. दुसरं काही मला नको होतं.

काही महिन्यांनी नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांनी मला भिंतीशी उभं केलं आणि दोन्ही पायांवर उंच उडी मारायला सांगितलं. मी मारली. त्यांनी पाठ थोपटली आणि खेळायला लाग म्हणाले. मी आणि अण्णा पेढे घेऊन हिंगोलीला आलो. लंगडीवाल्यांनी पेढा घेतला, खाल्ला आणि विचारलं, "कशी उडी मारली?"

"दोन पायांवर."

"मंग ती उजव्यानं मारली. डावी नुस्ती संगं गेली."

त्यांनी माळ्यावरून दोन वजनकाटे काढले, माझा एकेक पाय एकेका काट्यावर ठेवला आणि हळूहळू खाली बस म्हणाले. उजव्या पायाखालचा काटा सरसर पळाला, डाव्याखालचा जरासाच हलला. अण्णा वाकून दोन्हीकडे बघत राहिले. डॉक्टर म्हणाले, "दोन पाय म्हणजे एका घरातले दोन भाऊ हायेत. थोरला राबतो, धाकटा बसून खातो, आन् बाहेरून पाहणाराला वाटतं घर झकास चाललं. दोघांले येगळं काढा, मंग कळतं कोणात किती दम हाय." मग मला रेघेवर उभं केलं. उजव्या पायाचा ठसा बराच पुढे पडला. डाव्याचा त्याच्या निम्म्यावर, आणि तोही फराटलेला.

"कधी खेळू मग?"

"दोन्ही ठसे एका रेषेत आले की. माझ्याकडं पास-नापास न्हाई. बराबर पाहिजे."

इथपर्यंत तो माणूस खरा होता, हे मी रागातसुद्धा कबूल करते. मोठ्या डॉक्टरांचं ऐकून मी तेव्हाच मैदानात उतरले असते तर त्याच आठवड्यात पडले असते. पण पुढचे महिने मी कसे काढले ते मला ठाऊक. दिवाळी गेली, संक्रांत गेली. बरोबरच्या पोरी खेळत होत्या आणि मी काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन हिंगोलीला जात होते, परातीत पाय बुडवत होते. दोन बोटांचं अंतर राहिलं तरी ते मान हलवायचे. एकदा मी रडत म्हणाले, "एवढ्यानं काय होतं डॉक्टर?" तर म्हणाले, "रडू नको, हळद ओली होते." असा माणूस. अण्णांना मी सांगितलं, मी याच्याकडे जाणार नाही. अण्णा म्हणाले, "एकदा भरोसा टाकला ना, मंग टाकला."

शेवटी एका सकाळी दोन्ही ठसे अगदी शेजारी शेजारी उमटले. टाचेला टाच. ते टेप घेऊन तीन वेळा वाकले. तीन उड्या घेतल्या, नागमोडी घेतली, सगळं जुळलं. उठताना त्यांनी गुडघे झटकले, आणि मी त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा समाधान पाहिलं. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दोन्ही पाय बराबर. जा डावी, खेळ."

पुसेगावला सामने होते. निवडीच्या आधीची माझी पहिलीच स्पर्धा. तिसऱ्या की चौथ्या चढाईत मी कोपऱ्यातल्या पोरीला हात लावला आणि मागे वळायला डावा पाय रोवला. कुणी मला धरलं नव्हतं. कुणाचा धक्काही लागला नव्हता. पाय रोवला, वरचं अंग वळलं, आणि खाली गुडघा जागेवर राहिलाच नाही. मी मातीत पडले तेव्हा कडेला बसलेला एक माणूस ओरडला, "नाटक करून राहिली बे!" मला तो आवाज अजून ऐकू येतो. तो माणूस कधी सापडला तर त्यालाही दोन शब्द ऐकवायचे आहेत.

पट्टा पुन्हा तुटला होता. दोन हाडांमधली गादीही फाटली होती. निवड गेली, आणि या खेपेला नांदेडच्या डॉक्टरांनी खेळाचं नावही काढलं नाही.

मी कुबड्यांवर तो जिना चढले. ते वरच्या पायरीवर उभे होतेच, आणि माझी वाट सोडून बाजूला झाले नाहीत. मी तिथूनच सुरुवात केली. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. रांगेतली माणसं भिंतीला चिकटून बसली होती, अण्णा मागून "बास कर लेकरा, बास कर" म्हणत होते. डॉक्टर सगळं ऐकून म्हणाले, "पण दोन्ही बराबर होते. मी मोजले."

"कशाशी मोजले?" मी म्हणाले. "उजव्याशी? माझा उजवा पाय जन्मात कधी लंगडी घालायचा न्हाई!"

त्यांनी विचारलं, "म्हंजे?"

"म्हंजे काय? आमच्या गावात लंगडी डाव्यावरच घालतात. उजव्यावर घातली की पोरी 'उलटी, उलटी' म्हणून चिडवतात. अख्खं लहानपण मी डाव्या पायावर काढलं. डाव्या पायावर मी देवळापासून आमच्या मेंढरांच्या वाड्यापर्यंत यायची, शेळ्यांच्या मागं पळायची. उजव्यावर मला चार उड्याबी जमत न्हवत्या!"

मी हे चिडून बोलले होते, त्याचा अर्थ काय होतो ते मला स्वतःलाच बोलल्यावर कळलं. माझा डावा पाय मुळात उजव्यापेक्षा कितीतरी पुढे होता. तो उजव्याएवढा झाला म्हणजे बरा झाला नव्हता. निम्मा बरा झाला होता. आणि त्या निम्म्यावर या माणसानं मला मैदानात पाठवलं होतं.

त्यांना माझ्याआधी कळलं असणार, कारण त्यांचा चेहरा उतरला. पण तोंडातून काय निघालं? "मंग हे आधी सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी विचारलं काहून न्हाई?"

तरी मी सांगू का, सगळ्यात संताप कशाचा आला ते? तो माणूस कुठल्या परक्या मुलखातून आला नव्हता. शिरड शहापूरचा होता. मोठ्या शहरात शिकला, पुस्तकातली चाचणी घेऊन परत आला, आणि ज्या पोरांनी जन्मभर एकाच पायावर लंगडी घातली त्यांचे दोन पाय एकमेकांशी लावून बघत बसला. पुस्तक लिहिणाऱ्याला लंगडी माहीत नसेल. याला होती.

मी तेच विचारलं. "तुमच्या गावात कोणत्या पायावर घालायचे?"

त्यांनी चपला काढल्या. पँटचे पाय दुमडले आणि परातीत डावा पाय बुडवला. पन्नाशीच्या पुढचा माणूस, पोट सुटलेलं, हात कमरेवर ठेवून रेघेवर एका पायावर उभा राहिला आणि त्यानं उडी मारली. छान मारली. खुंटा रोवल्यासारखे उतरले. मग उजवा पाय बुडवून परत रेघेवर आले. ही उडी रेघेच्या जेमतेम पुढे पडली. तोल गेला, ते भिंतीवर आदळले आणि तळव्याची हळद फरशीभर फराटली. रांगेतल्या एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. ते तसेच भिंतीला टेकून आपल्या दोन ठशांकडे बघत होते. त्यांनी इतक्या वर्षांत स्वतःची उडी कधी मोजलीच नव्हती.

मग म्हणाले, "आज दवाखाना बंद." पंखा बंद केला. आम्ही सगळे जिना उतरून खाली आलो, मी सगळ्यात शेवटी. चुकलो, असा एक शब्द त्या माणसाच्या तोंडून निघाला नाही.

दुसऱ्या ऑपरेशननंतर मी त्यांच्याकडे गेले नाही. तर ते साखऱ्याला यायला लागले. दर बाजाराच्या दिवशी काळीपिवळीतून उतरायचे आणि आमच्या शेळ्यांच्या गोठ्यापाशी बाजेवर बसायचे. अण्णा चहा द्यायचे. मी दार लावून आत. ते दाराकडे तोंड करून, जणू शेळ्यांना सांगताहेत अशा आवाजात, आठवड्याचा व्यायाम सांगायचे. टाच कशी दाबायची, मांडी किती वेळ आवळून धरायची, पायरी कोणत्या पायानं उतरायची. सांगून झालं की उठून जायचे. मी तो व्यायाम करायची. त्यांना कळू नये म्हणून अण्णांनाही सांगायची नाही. पाय चालायला लागला, पुढे पळायलाही लागला. खेळायला तो परत आला नाही. मी खेळाची पदवी घेतली आणि सेनगाव तालुक्यातल्या एका शाळेत खेळाची बाई झाले. दुसऱ्यांच्या पोरींना चढाई शिकवते. लोकांना वाटतं मिळालं ना सगळं. लोकांचं काय जातं.

शाळेतल्या माझ्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी, जूनमध्ये, ते मैदानात उभे दिसले. काखेत परात, हातात हळदीची पिशवी. मुख्याध्यापकांची परवानगी काढून आले होते, मला विचारलं नव्हतं.

"काहून आले?" मी म्हणाले. नमस्कारही केला नाही.

"धडधाकट पाय मोजाले."

"धडधाकट पायांना काय झालं?"

"झालं न्हाई तवरच मोजाचे," ते म्हणाले. "उद्या एखादीचा गुडघा गेला, तर तो पाय कशाशी लावून पाहशील? दुसऱ्या पायाशी? आज मोजून ठेवू. मंग तिचा पाय तिच्याच पायाशी."

मला त्यांना हाकलून द्यायचं होतं. पण माझ्या पोरी खेळत होत्या, आणि गुडघे कुणाचेही जातात. मी रांग लावली. डॉक्टरांनी चुन्यानं रेघ मारली.

पोरींनी खेळ मांडला. डाव्या पायावर सगळ्या ऐटीत उड्या मारत होत्या. उजव्याची पाळी आली की "उलटी, उलटी" म्हणून एकमेकींना चिमटे काढायच्या, तोंडावर हात ठेवून खिदळायच्या आणि कशीबशी एक उडी टाकून पळायच्या. एकीनं तर उजव्याच्या ऐवजी परत डावाच पाय बुडवला. डॉक्टर मातीत गुडघे टेकून टेप धरून बसले होते. ते एकदम उठले. टेप त्यांनी फेकून दिली.

"हसून राहिल्या?" ते ओरडले. "हसा. ह्या तुमच्या बाई हायेत ना, ह्यांच्याकडं पाहा. ह्यांचा डावा पाय मी घालवला. कोणी पाडलं न्हाई, कोणी धरलं न्हाई. मी मोजला, मी बराबर हाय म्हणालो, आन् तो बराबर न्हवता. राज्याच्या संघात गेली असती ही पोरगी. माझ्यापायी न्हाई गेली. कळलं? मंग हसा."

सगळ्या पोरी माझ्याकडे बघायला लागल्या, आधी तोंडाकडे, मग पायाकडे.

हे वाक्य मला हवं होतं. त्या जिन्यावर हवं होतं, दवाखान्यात हवं होतं, बंद दाराआड मांडी आवळून बसले होते तेव्हा रोज हवं होतं. आणि ते त्यानं दिलं कुणाला? सहावीतल्या पोरींना. त्यांना घाबरवायला. माझ्याकडे तो बघतही नव्हता, वाकून मातीतली टेप शोधत होता. मला इतका राग आला की परात उचलून त्याच्या डोक्यात घालावी वाटली. आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांना धार लागली, पोरींसमोर, आणि तोंड लपवायला त्या उघड्या मैदानात एक झाडसुद्धा नव्हतं.

रांगेतली पहिली पोरगी हळूच म्हणाली, "बाई, आमी पुन्हा करू?"

"सगळ्या करा," मी म्हणाले. "पयल्यापासून. उजवा पाय आधी, आन् जीव लावून."

मी ओढणीनं तोंड पुसलं आणि शिट्टी वाजवली.